तवशांचं फेस्त

पहाटे बॅटरीच्या उजेडात वेल चाचपून तोडलेली तवसं
मी तळावलीला सांत आनाच्या पायऱ्यांसमोर मांडते,
वर छत्री, खाली गोणपाट,
जुलै सरता सरताच्या आयतारी.
कोवळं मागतात. देठासकट मागतात.
आणि बायका ते उचलतात ना,
तर मानेखाली हात घालून.
कुणी शिकवलेलं नसतं.

आत नेऊन ठेवायचं, पुटपुटायचं :
आजये, तवसं घे, तान्हं दे.
देवाची आजीच ती,
तिच्याशी भाव करायला लाज कसली.

यंदा आनिसेत आलाय. अकरा वर्षं स्विंडनच्या गोदामात
खोकी उचलली. तिथे भाड्याच्या एका हॉलात
त्याला नवा विश्वास भेटला :
मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, नाताळसुद्धा नाही.
माझ्या टोपलीशेजारी उभा राहून कागद वाटतो,
भिजू नयेत म्हणून शर्टाच्या आत धरून.

नाताळ, म्हणतो, रोमात सूर्याचा वाढदिवस होता.
सांजांवाची विहिरीतली उडी जुवांवपेक्षा जुनी.
कणसाच्या फेस्ताला तुम्ही शेतालाच हात जोडता, पाद्रीला पुढे करून.
आणि हे तवसं? पुस्तकात दाखवा मला.
कुठल्या पानावर?

म्हातारा सांक्रिस्तांव, काशियान,
झाडू टेकवून म्हणाला,
आहे की. वाळवंटात मिसरातली तवसं आठवून रडले ते.
रडले, आनिसेत म्हणाला. पूजा नाही केली.
काशियान थोडा वेळ उभा राहिला
आणि पुन्हा झाडायला लागला.

मी यात कोण बोलणार?
याच वेलीचं एक तवसं मी चवथीपर्यंत राखते,
ते आमच्या माटोळीत लटकतं, कांगल्यांच्या बाजूला.
या टेकडीवर आधी वारूळ होतं म्हणतात, सातेरीचं.
गोव्यात प्रत्येक टेकडीबद्दल कुणीतरी असं म्हणतं.
मी एवढंच पाहिलंय की पाऊस लागला
की मुंग्या अजून याच पायऱ्यांवरून रांगेनं वर जातात,
आतलं मेण हुंगत.

लग्नाच्या नवव्या वर्षी मीही एक आत ठेवलं.
कुंकू पुसलं नाही, पदर फक्त पुढे ओढला.
आनंदी झाली. ते नाव का, घरी कुणी विचारलं नाही.
त्याच आयतारी, त्याच वेलीचं
माझ्या जावेनंही ठेवलं होतं.
तिच्या खोलीत अजून दुपारी
पंख्याचा तेवढा आवाज असतो.
हे मी आनिसेतला सांगितलेलं नाही.
त्याच्या कागदावर ते शोभलं असतं.

तो विचारतो, खोट्या वाटेनं गेलेली हाक
खऱ्या देवाला पोचते का?
प्रश्न चुकीचा नाही. रात्री वेलीला पाणी घालताना
मलाही तो येऊन चिकटतो, आळीतल्या चिखलासारखा.
पण आठवतंय मला,
त्याची इश्पेरांस तीन वर्षं माझ्याकडूनच न्यायची.
तिसऱ्या वर्षी दोन नेली होती. पैसे आधी मोजून दिले,
नंतर पुन्हा एकदा मोजले.
मग दोघं विमानात बसली.
ती आली नाही यंदा. मी विचारलं नाही.

दुपारी मीस सुटली. टोपलीत दोन उरली,
वाकडी, कुणी न उचललेली.
आनिसेतनं उरलेले कागद प्लास्टिकात गुंडाळले,
माझ्या गोणपाटाच्या कोपऱ्यावर बसला. भूक लागली म्हणाला.
मी एक पुढे केलं. पैसे नको म्हटलं.

त्यानं कोयता मागितला, टोक कापलं,
आणि कापलेलं टोक त्याच जागी धरून
गोल गोल घासू लागला,
पांढरा फेस येईपर्यंत, कडूपणा ओढून काढत,
तो बोटानं निपटून पायरीवर झाडला,
पुन्हा घासलं.
मी नुसती बघत होते.

माय करायची असं, तो म्हणाला,
मी काही न विचारता.

मग जरा थांबून :
मीठ आहे?